लग्नावरून ग्रीन कार्ड: मुलाखतीआधी स्वतःचीच फाईल वाचा

मुलाखतीचं पत्र हातात पडलं की बहुतेक जोडपी शंभर प्रश्नांची यादी उतरवून घेतात आणि रात्री जेवणं आटोपली की एकमेकांची तोंडी परीक्षा सुरू होते. टूथब्रश कोणत्या रंगाचा, पलंगाच्या कोणत्या बाजूला कोण झोपतं, सासूबाईंचा वाढदिवस कधी. करायला हरकत नाही, पण खऱ्या लग्नाचा अर्ज टूथब्रशवर सहसा अडत नाही. तो अडतो कागदांतल्या विसंगतीवर. अर्जात एक तारीख, दाखल्यावर दुसरी, तोंडून तिसरी. अधिकाऱ्यासमोर तुमची फाईल उघडी असते आणि त्याचं निम्मं काम फाईलमधलं आणि तुमच्या तोंडचं जुळतंय का हे पाहण्याचं असतं. म्हणून तयारीची सुरुवात फाईलपासून करा.

इथे गृहीत धरलेली परिस्थिती अशी: जोडीदार अमेरिकन नागरिक आहे, तुम्ही रीतसर व्हिसावर अमेरिकेत आलेले आहात आणि फॉर्म आय-१३० (जोडीदाराने तुमच्यासाठी करायचा नात्याचा अर्ज) आणि आय-४८५ (तुमचा ग्रीन कार्डचा अर्ज) तिथूनच भरलेले आहेत. मुलाखत यूएससीआयएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या नागरिकत्व आणि इमिग्रेशन खात्याच्या, तुमच्या भागातल्या कार्यालयात होते आणि दोघांनाही जावं लागतं. भारतात राहून अर्ज करणाऱ्याची मुलाखत वकिलातीत होते, महाराष्ट्रातल्यांची मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात. तिथली पद्धत वेगळी आहे. जोडीदाराकडे नागरिकत्व नसून फक्त ग्रीन कार्ड असेल तर रांगेचे आणि स्टेटस टिकवण्याचे नियमही वेगळे. मात्र नावं, तारखा आणि दाखल्यांबद्दल पुढे जे येतं ते या सगळ्यांच्या कामाचं आहे.

पहिलं काम: पाठवलेला अर्ज पुन्हा वाचा

अर्ज भरून कित्येक महिने, कधी वर्षही उलटलेलं असतं. आपण काय लिहिलं होतं ते आठवत नाही. छापील प्रत काढा आणि दोघांनी मिळून लाल पेन घेऊन ओळ न् ओळ वाचा. दरम्यान बदललेल्या गोष्टींवर खूण करा: पत्ता, नोकरी, बाळाचा जन्म, नवा पासपोर्ट, परदेश प्रवास. पत्ता बदलला असेल तर १० दिवसांत कळवणं बंधनकारक असतं, त्यासाठी एआर-११ हा फॉर्म आहे. राहून गेलं असेल तर आजच भरा. अर्जात चूक सापडली तर घाबरायचं कारण नाही. मुलाखतीच्या सुरुवातीलाच अधिकाऱ्याला सांगितली की तो तिथेच दुरुस्ती करून घेतो. त्याने विचारेपर्यंत गप्प राहिलात तर तीच चूक लपवाछपवीसारखी दिसते.

सगळ्यात जास्त घोटाळा नावांचा. आपल्याकडे मुलीच्या नावात मधे वडिलांचं नाव असतं, लग्नानंतर तिथे नवऱ्याचं येतं, आडनाव बदलतं आणि काही घरांत लग्नात पहिलं नावही बदलतात. परिणामी शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, पदवीवर तेच, पासपोर्टवर दुसरं, बँकेत तिसरं. अर्जातल्या ‘वापरलेली इतर नावं’ या रकान्यात ही सगळी यायला हवीत. लग्नात ठेवलेलं पण फक्त पत्रिकेवर छापलेलं नावसुद्धा. राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात दिली असेल तर ते पान सोबत ठेवा.

तारखांचा घोळ दोन प्रकारचा. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात, त्यामुळे ५ जूनचा ६ मे होऊन बसतो. दुसरा घोळ आईवडिलांच्या जन्मतारखांचा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकलेली पिढी अजून घराघरांत आहे. आय-१३० मध्ये आईवडिलांच्या जन्मतारखा विचारतात. दोघांचेही वडील १ जूनचे निघाले तर अधिकारी भुवई उंचावतो, एवढंच. कारण एका वाक्यात सांगता आलं पाहिजे आणि अर्जात जी तारीख दिलीय तीच तोंडी द्यायची.

जन्मस्थळही तपासा. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून जन्म साताऱ्याचा. वाढलात मुंबईत, म्हणून पासपोर्टवर मुंबई. जन्मदाखला आणि पासपोर्ट यांत असा फरक असेल तर अर्जात जन्मदाखल्यावरचं ठिकाण असावं आणि फरकाचं कारण तयार असावं. आणि ‘गाव कोणतं’ या आपल्या सवयीच्या प्रश्नाचं उत्तर जन्मस्थळ म्हणून देऊ नका. वंशाचं गाव राजापूर असलं तरी तुम्ही तिथे जन्मला नाहीत.

लग्नाच्या दोन तारखा

रजिस्टर लग्न आधी उरकून घ्यायचं, म्हणजे व्हिसाचे कागद पुढे सरकतात, आणि विधी नंतर कार्यालयात वाजतगाजत करायचा, ही आता सर्रास पद्धत झाली आहे. काहींचं उलट: विधी आधी झाला आणि नोंदणी सहा महिन्यांनी. दोन्हींत गैर काही नाही, पण दोन्ही तारखा दोघांच्याही जिभेवर हव्यात. कायदेशीर लग्नाची तारीख म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्रावर छापलेली लग्नाची तारीख. नोंदणी केल्याची तारीख त्याच कागदावर वेगळी असू शकते. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली मिळणारं ‘नमुना ई’ प्रमाणपत्र चालतं, विशेष विवाह कायद्याखालचंही चालतं. गुरुजींनी किंवा मंगल कार्यालयाने दिलेला कागद एकटा पुरत नाही. गोव्यात नोंदणी दोन टप्प्यांत होते, त्यामुळे पहिल्या सहीचा कागद न आणता अंतिम नोंदीचा उतारा आणा.

इथे एक खड्डा आहे. रजिस्टर लग्न झाल्यावर, पण विधी व्हायच्या आधी, तुम्ही विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसाच्या अर्जात ‘अविवाहित’ लिहिलं होतं का? घरच्यांच्या लेखी लग्न झालेलं नसलं तरी कायद्याने तुम्ही विवाहित होता. व्हिसाचा जुना अर्ज अधिकाऱ्याला पाहता येतो. अशी नोंद असेल तर मुलाखतीआधी इमिग्रेशन वकिलाशी बोलाच.

हाच घोळ करात होतो. ३१ डिसेंबरला तुम्ही कायद्याने विवाहित असाल तर त्या वर्षाचं विवरणपत्र ‘अविवाहित’ म्हणून भरता येत नाही. डिसेंबरात पुण्यात रजिस्टर लग्न करून परत आलेल्या नवऱ्याने एप्रिलमध्ये सवयीने जुनाच पर्याय निवडला, असं फार घडतं. दुरुस्त विवरणपत्र १०४०-एक्स या फॉर्मवर भरता येतं. मुलाखतीआधी ते भरून त्याची प्रत फाईलमध्ये लावा.

जन्मदाखला

जुन्या दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा रिकामी असते, कारण नोंद बारशाआधीच झालेली असते. असा दाखला अपुरा धरला जाऊ शकतो. ज्या नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंद आहे तिथे नाव चढवून नवा दाखला काढणं हा खरा उपाय. भारतातून कोणी नातेवाईक जाऊन ते काम करू शकतो, पण वेळ लागतो, म्हणून पत्र येण्याची वाट पाहू नका. नोंदच नसेल तर त्याच कार्यालयातून ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला घ्या आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला आणि आईवडिलांचं किंवा जवळच्या वडीलधाऱ्यांचं प्रतिज्ञापत्र जोडा.

फक्त मराठीत असलेल्या प्रत्येक कागदाला पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं. भाषांतर करणाऱ्याने खाली लिहायचं की त्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे, मग नाव, सही, पत्ता, तारीख. नोटरीची गरज नाही. शिक्क्यातला मजकूरही भाषांतरात यायला हवा. तो बरेच जण सोडतात.

संसाराचे पुरावे

तपासला जाणारा मुद्दा एकच: लग्न करताना एकत्र संसार करण्याचा खरा हेतू होता का. त्यानंतर किती भांडलात हा प्रश्न नसतो. पुरावा त्या हेतूचा द्यायचा असतो, म्हणून तो लग्नाच्या दिवसापासून आजपर्यंत पसरलेला हवा. नुसता गेल्या महिन्यातला ढीग उपयोगाचा नाही.

वजनदार कागद कोणते? मूल असेल तर त्याचा जन्मदाखला. मग दोघांच्या नावाचा भाडेकरार किंवा घराचं कर्ज, एकत्र भरलेल्या कराची आयआरएसकडून (अमेरिकेच्या आयकर खात्याकडून) मिळणारी ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे विवरणपत्राचा अधिकृत उतारा, एकाच पॉलिसीतला आरोग्य आणि गाडीचा विमा, आयुर्विमा आणि निवृत्ती खात्यात जोडीदाराचं नामांकन. संयुक्त बँक खातं असतं ते जिवंत हवं: पगार येतोय, भाडं जातंय, किराणा होतोय. मुलाखतीच्या दोन आठवडे आधी शंभर डॉलर टाकून उघडलेलं खातं मदतीपेक्षा शंकाच जास्त निर्माण करतं. खाती वेगळी ठेवायची तुमची पद्धत असेल तर तसंच सांगा आणि घरखर्च कोण कसा भरतं ते दाखवणारे व्यवहार काढून न्या. प्रत्येक महिन्याचं स्टेटमेंट नको. पहिलं, मधली दोनतीन आणि अगदी ताजं पुरे.

भाडेकरार एकाच्याच नावावर असेल तर घरमालकाकडून दुसऱ्याचं नाव रहिवासी म्हणून चढवून घ्या किंवा तसं पत्र घ्या. नोकरीमुळे एक न्यू जर्सीत आणि दुसरा टेक्ससमध्ये असेल तर लपवू नका. विमानाची तिकिटं, फोनच्या नोंदी आणि पुढे एकत्र कधी राहणार याची ठोस योजना दाखवा.

फोटो पंधरावीस पुरतात. वेगवेगळ्या काळातले, दोन्हीकडच्या घरच्यांसोबतचे, मागे तारीख, ठिकाण आणि नावं लिहिलेले. लग्नाचा सातशे फोटोंचा अल्बम कोणी चाळत बसत नाही. सप्तपदीचा एक, दोन्ही आईवडिलांसोबतचा एक आणि बाकीचे रोजच्या आयुष्यातले. लग्नाची पत्रिका आणि कार्यालयाची पावती चांगली जोड देतात. व्हॉट्सअ‍ॅपची चारशे पानं छापू नका. इंग्रजी लिपीत लिहिलेलं मराठीही मराठीच असतं, त्यालाही भाषांतर लागतं. चारपाच निवडक पानं आणि कॉलच्या नोंदी ठेवा.

मित्रांची किंवा नातेवाइकांची पत्रं द्यायची तर ‘छान जोडपं आहे’ एवढ्यावर भागत नाही. लिहिणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मस्थळ, तुमच्याशी नातं, आणि त्याने स्वतः पाहिलेल्या दोनतीन घटना तारखेसकट असाव्यात.

उत्पन्न आणि वैद्यकीय तपासणी

आय-८६४ हे तुमच्या खर्चाचं हमीपत्र भरणाऱ्या जोडीदाराचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के हवं. २०२५ च्या तक्त्यात दोघांच्या कुटुंबाला हा आकडा २६,४३७ डॉलर होता, अलास्का आणि हवाईत जास्त. तक्ता दरवर्षी बदलतो, म्हणून मुलाखतीच्या वर्षाचा पाहा. अर्जानंतर नवं करवर्ष सुरू झालं असेल तर नवं विवरणपत्र, अलीकडच्या पगाराच्या स्लिपा आणि नोकरीचं ताजं पत्र न्या. धंदा स्वतःचा असेल तर एकूण उलाढाल मोजत नाहीत, खर्च वजा जाऊन उरलेलं उत्पन्न मोजतात. इथे अनेकांचा अंदाज चुकतो. कमी पडत असेल तर संयुक्त प्रायोजक, म्हणजे तीच हमी देणारा आणखी एक जण, लागतो. तो नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हवा आणि त्याचे कागद तयार ठेवूनच जा.

वैद्यकीय तपासणीचा फॉर्म आय-६९३ हा २ डिसेंबर २०२४ पासून आय-४८५ सोबतच जोडावा लागतो. त्याआधी अर्ज केलेल्यांनी राहिला असेल तर सिव्हिल सर्जनकडून (यूएससीआयएसने नेमलेल्या डॉक्टरकडून) आणलेलं पाकीट सीलबंदच न्यावं. उत्सुकतेपोटी फोडलं तर ते पुन्हा करून घ्यावं लागेल.

त्या दिवशी

मूळ कागद एका फाईलमध्ये आणि त्याच क्रमाने प्रती दुसऱ्या फाईलमध्ये. वर अनुक्रमणिका, प्रत्येक भागाला टॅब. अधिकाऱ्याने ‘भाडेकरार’ म्हटल्यावर दहा सेकंदांत निघाला पाहिजे. सगळ्यात वर मुलाखतीचं पत्र, दोघांची सरकारी ओळखपत्रं, तुमचे जुने-नवे सगळे पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद), व्हिसाचे मंजुरीचे कागद. आधीचं लग्न असेल तर दोघांच्याही बाजूचे घटस्फोटाचे अंतिम हुकूम किंवा मृत्यूचे दाखले. कधी अटक झाली असेल, खटला मागे घेतला असला तरी, न्यायालयाची प्रमाणित प्रत.

वीसतीस मिनिटं आधी पोहोचा. दारात विमानतळासारखी तपासणी असते. काही कारणाने जाता येत नसेल तर आधी कळवून तारीख बदलून घ्या. न कळवता गैरहजर राहिलात तर अर्ज सोडून दिला असं धरून नाकारला जातो.

दुभाषा हवा असेल तर तो तुम्हीच आणायचा. वय १८ पूर्ण, हातात ओळखपत्र. त्याला जी-१२५६ या दुभाष्याच्या फॉर्मवर अधिकाऱ्यासमोर सही करावी लागते. तुमचा वकील दुभाष्याचं काम करू शकत नाही आणि नवऱ्याला किंवा बायकोला अधिकारी नकार देऊ शकतो. ऑफिसचं इंग्रजी येतं म्हणून दुभाषा नको असं बऱ्याच जणांना वाटतं, पण हो-नाहीचे प्रश्न कायद्याच्या भाषेत असतात. अर्जातला तो भाग न अडखळता समजतो का हे घरी वाचून ठरवा.

खोलीत काय होतं

उभं राहून, उजवा हात वर करून खरं सांगण्याची शपथ. मग ओळखपत्रं, मग अर्जातली माहिती पडताळणं, मग नात्याबद्दलचे प्रश्न, शेवटी हो-नाहीची लांबलचक यादी. साधारण अर्धा तास. शंका असेल तर दोघांना वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारतात. त्याला न्यूयॉर्कच्या एका जुन्या खटल्यावरून स्टोक्स मुलाखत म्हणतात.

ठरवून झालेल्या लग्नात ‘मागणी कोणी घातली’ या प्रश्नाला काय सांगावं, म्हणून काही जोडपी प्रेमकथा रचतात. हे अजिबात करू नका. ठरवून होणारी लग्नं अधिकाऱ्यांना ठाऊक असतात. स्थळ कोणी आणलं, पहिला व्हिडिओ कॉल कधी, कांदेपोहे कुठे झाले, होकार कधी दिला, साखरपुडा कधी, हा क्रम तारखांसकट साध्या शब्दांत सांगा. रचलेली गोष्ट दोघांच्या तोंडून दोन तऱ्हांनी बाहेर येते, खरी गोष्ट फार तर एकदोन तपशिलांत हलते. बोटात अंगठी नाही म्हणून आदल्या दिवशी विकत घ्यायला धावू नका. मंगळसूत्र म्हणजे काय ते सांगा.

आपल्या तीन सवयी इथे त्रास देतात. पहिली: समोरचा बोलत असताना ‘हो, हो’ म्हणणं. आपल्या लेखी त्याचा अर्थ ऐकतोय असा, पण ‘तुम्ही कधी खोटी माहिती देऊन व्हिसा मिळवला का’ या प्रश्नाच्या मधे तो शब्द पडला तर अर्थ भलताच होतो. प्रश्न पूर्ण होऊ द्या. दुसरी: मामेभावाला, चुलतभावाला ‘ब्रदर’ म्हणणं. अर्जात सख्खा भाऊ नाही आणि लग्नात ‘ब्रदर’ आला होता, हा विनाकारण ओढवलेला प्रश्न. कझिन म्हणा. तिसरी: जोडीदाराच्या वतीने उत्तर देणं. ज्याला विचारलं त्यानेच बोलायचं, दुसऱ्याने त्याच्याकडे बघायचंही नाही.

आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा. अंदाजाने ठोकून दिलेलं उत्तर फाईलशी जुळलं नाही तर ते ‘आठवत नाही’पेक्षा कितीतरी महाग पडतं. आणि आदल्या रात्री काय जेवलात, गेल्या शनिवार-रविवारी काय केलं, भाडं किती, कचऱ्याचा दिवस कोणता, कामावर कोण किती वाजता निघतं, हे एकत्र राहणाऱ्याला पाठ करावं लागत नाही. फक्त मुलाखतीच्या सकाळी एकमेकांशी गप्पा मारून घ्या.

हो-नाहीची यादी

कंटाळवाणी म्हणून लोक धडाधड ‘नाही’ म्हणत सुटतात. काही ठिकाणी थांबा. लष्करी पद्धतीचं किंवा शस्त्राचं प्रशिक्षण: कॉलेजात एनसीसीत रायफल चालवली असेल तर ‘हो’ म्हणून एका ओळीत सांगा, त्याने अर्ज अडत नाही. परवानगीविना काम: एच-४ वर (नोकरीच्या एच व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असताना घरून डबे विकणंही त्यात येतं. नागरिकाच्या जोडीदाराला याबाबत सूट आहे, पण खोटं बोलण्याला नाही. नागरिक असल्याचा खोटा दावा: ड्रायव्हिंग लायसन्स काढताना मतदार नोंदणीच्या रकान्यात चुकून खूण केली असेल तर ती बाब अत्यंत गंभीर आहे, आधी वकील गाठा.

वकील आणखी कोणी घ्यावा? ज्यांच्यावर आधी हद्दपारीचा हुकूम निघालाय, ज्यांना अटक झालीय, ज्यांचा आधीचा लग्नाधारित अर्ज नाकारला गेलाय आणि ज्यांची राहण्याची मुदत संपलीय त्यांनी. नागरिकाच्या जोडीदाराला मुदत संपल्याचा दोष अर्जापुरता माफ असतो, पण २०२५ च्या शेवटी सॅन डिएगोत अशा काही जणांना मुलाखतीच्या ठिकाणीच ताब्यात घेतल्याच्या बातम्या आल्या. न जाणं हा उपाय नाही, त्याने अर्जच बुडतो. वकिलाला सोबत घेऊन जा. आणि अर्ज प्रलंबित असताना आगाऊ परवानगीशिवाय भारतात जाऊ नका, तेही अर्ज सोडल्यासारखं धरतात. नोकरीच्या वैध एच किंवा एल व्हिसावर परतणाऱ्यांना यातून सूट आहे.

नंतर

काहींना तिथेच होकार मिळतो, अनेकांना ‘कळवू’ एवढंच. ‘कळवू’ म्हणजे नकार नव्हे. आणखी कागद मागवणारं पत्र आलं तर त्यावरची मुदत पाहा, ती जास्तीत जास्त १२ आठवडे असते, आणि सगळे कागद एकाच पाकिटात पाठवा. तुकड्यांत पाठवले तर पहिल्या पाकिटावरच निर्णय होऊ शकतो. नाकारण्याचा इरादा कळवणारं पत्र वेगळं. त्याला उत्तर द्यायला महिनाभरच मिळतो.

कार्ड आलं की नाव, जन्मतारीख आणि वर्गाचा कोड तपासा. मंजुरीच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झाली नसतील तर कोड सीआर६ आणि कार्ड दोन वर्षांचं, झाली असतील तर आयआर६ आणि दहा वर्षांचं. इथे रजिस्टर लग्नाची तारीख तुमच्या उपयोगी पडू शकते, कारण मोजणी कायदेशीर लग्नापासून होते. दोन वर्षांच्या कार्डवाल्यांनी ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ हा कार्डवरची दोन वर्षांची अट काढण्याचा अर्ज भरायचा. कार्ड १० जून २०२८ ला संपत असेल तर १२ मार्चपासून. त्याआधी भरलेला परत येतो. त्यात पुन्हा संसाराचेच पुरावे लागतात, मुलाखतीनंतरच्या दोन वर्षांचे, तेव्हा टॅब लावलेली ती फाईल माळ्यावर टाकू नका.